आईला न विचारलेले प्रश्न

आईचा फॉर्म मी आईला न विचारताच भरला. ही गोष्ट आजवर मी दोनच माणसांना सांगितली आहे. आता लिहूनच टाकते, म्हणजे एकदाची पोटातून जाईल.

मी आमच्या गावची आशा, म्हणजे आरोग्य खात्याची घरोघर फिरणारी कार्यकर्ती. काशीद मागे टाकून मुरूडच्या अंगाला येऊ लागलं की समुद्राला चिकटून जी गावं लागतात, त्यातलं एक आमचं. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, आळ्या तेवढ्या वेगळ्या. वडील गेल्यावर आई माझ्याकडेच राहायला आली. मालक आठवडाभर कामाला पनवेलला असतात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच.

साठीच्या पुढच्या प्रत्येकाचा आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो. बीपी आहे का, साखर आहे का, तंबाखू किंवा मशेरी लावता का, नीट ऐकू येतं का, कधी पडलात का, चार माणसांत उठबस आहे का. आणि शेवटी, विसरायला होतं का. प्रशिक्षणात एका डॉक्टरांनी समजावलं होतं की विसरण्याचा आजार म्हातारपणी एकाएकी उगवत नाही, त्याची तयारी वर्षानुवर्षं आतून चालू असते. बीपीकडे काणाडोळा, साखर, तंबाखू, डोक्याला बसलेला मार, कमी ऐकू येणं, माणसांतून उठून एकटं बसणं, खचलेलं मन. शिक्षण कमी असलं तर धोका अजून थोडा वाढतो. पण यातलं बरंचसं वेळेवर धरता येतं, असंही ते म्हणाले होते. मी ते वहीत लिहून खाली लाल रेघ मारली होती.

ती लाल रेघ मी गावाला इतक्यांदा ऐकवलीय की विचारू नका. मला लांबून येताना बघून म्हाताऱ्या मशेरीची डबी पदराखाली सारतात. एका काकांना तर मी भर नाक्यावर झापलं होतं, "गोळी खात नाय आणि वर मला हसताय? उद्या घरचा रस्ता विसरलात की मग हसा!" तोंड माझं असं. मागेपुढे बघत नाही.

आणि आईचा फॉर्म? तो भरायची शेवटची तारीख होती. मी ओट्यापाशी उभी, चहा उकळतोय, आई समोर पाटावर बसून तांदूळ निवडतेय. तोंड उघडून विचारायला काय जात होतं? पण नाही. तंबाखू, नाही. पन्नास वर्षं ही बाई दिवसातून दोनदा मशेरी लावते, आणि मी लिहिलं नाही, कारण आशाच्या आईनं मशेरी लावावी हे कागदावर बरं दिसत नाही. बीपीची गोळी, चालू. पाकीट डब्यात तसंच पडून होतं, "मला कुठं काय होतंय" म्हणून तिनं कधीच बंद केली होती. ऐकू येतं, हो. पडली का, नाही. गेल्या पावसाळ्यात ती जेट्टीच्या पायरीवरून घसरली होती, कानामागून रक्त आलं होतं, आम्ही हळद दाबली आणि विसरलो. विसरायला होतं का? नाही. चहा उतू जायच्या आत फॉर्म पुरा झाला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण माझ्यासाठीच कुणीतरी करून ठेवली असणार.

शेवटचा तो "नाही" मी का लिहिला, ते कळायला आई कोण होती ते सांगायला हवं. आमच्याकडे बाया सुकतीला, म्हणजे पाणी पार उतरलं की, कातळावर कालवं काढायला जातात. शिंपले कातळाला घट्ट चिकटलेले असतात, कोयतीनं फोडून आतलं मांस काढायचं. पाणी कधी उतरणार, कधी चढणार, हे कळलं पाहिजे, नाहीतर जीवाशी खेळ. आईची शाळा दुसरीपर्यंत. पण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे तिच्या बोटांच्या पेरांवर होतं. "चौथेला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच," असं ती चालता चालता म्हणायची. त्याच्या सहा तास आधी सुकती. अख्खी आळी तिला विचारूनच टोपली उचलायची. नवऱ्याचं नाव, मुलाची नोकरी, यातलं काही नाही, आईचा मान या एका गोष्टीवर उभा होता.

मग एकदा ओटीवर शेजारच्या काकीनं विचारलं, "आये, उद्या सुकती कवा?" आणि आईनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी कपडे वाळत घालत होते. मी पटकन म्हटलं, "द्वितीया ना उद्या? मग साडेसातला." आई म्हणाली, "तेच सांगत होते मी." काकी गेली. आई आत गेली, मी उरलेले कपडे वाळत घातले.

त्यानंतर मी ते कामच लावून घेतलं. रोज सकाळी मोबाईलवर भरती-ओहोटी बघायची आणि कुणी आलं की आईच्या आधी बोलायचं. तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं तर म्हणायचं, माझंच चुकलं. माझ्या भावाचा फोन आला की ती कानाला लावून "हां, हां, बरं हाय" एवढंच म्हणायची, कारण पलीकडचं तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि भाऊ मला म्हणायचा, आई एकदम ठणठणीत आहे हं. बायांच्या बैठकीला जायचं तिनं सोडलं. काही ऐकू येत नसताना, सगळ्या हसल्या की हसायचं, याचा तिला कंटाळा आला होता. मी म्हटलं, बरंच झालं, घरी आराम करेल. असं म्हणणाऱ्या दुसऱ्या कुणाला मी सोडलं असतं का? सोलून काढलं असतं.

त्या बुधवारी मी साडेसातलाच निघाले होते. अंगणवाडीत बाळांचं लसीकरण होतं. आई टोपली आणि कोयती घेऊन दारात. म्हणाली, "साडेधापर्यंत सुकती हाय. अकराला येते." मी हेल्मेट शोधत होते. "बरं," म्हटलं आणि गाडीला किक मारली.

दहाच्या सुमारास एका पोरीनं तिच्या बाळाचा पुढचा डोस कधी, म्हणून विचारलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे मोजू लागले. रविवारी पौर्णिमा होती. हो की, रविवारी आम्ही सगळे विहारात होतो, वंदना झाली, आई पांढरं लुगडं नेसून माझ्या शेजारी बसली होती. म्हणजे सोमवार प्रतिपदा, मंगळवार द्वितीया, आज तृतीया. माझं बोट तिथंच थांबलं. तृतीयेला भरती सव्वादोनला. सुकती सव्वाआठला. साडेदहाची सुकती षष्ठीची असते.

पाणी चढायला लागून जवळजवळ दोन तास झाले होते.

रजिस्टर सेविकेच्या हातात कोंबलं, "बाळांना सांभाळ, आले," म्हटलं आणि निघाले. वाटेत स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की लिहायच्या लायकीच्या नाहीत. साडेदहा हा आकडा कानावर पडला तेव्हाच कळायला हवं होतं. रोज मोबाईल बघणारी मी, त्या एका सकाळी बघितला नव्हता.

किनाऱ्यावर काकी एकटी उभी. बाकीच्या बाया टोपल्या घेऊन कधीच परतल्या होत्या. आमच्या कातळाच्या अलीकडे एक घळ आहे. सुकतीला ती कोरडी असते, चालत जाता येतं. पाणी चढू लागलं की पहिली ती भरते, आणि पलीकडचा माणूस तिकडेच अडकतो. घळ भरली होती. पलीकडच्या कातळावर आई आमच्याकडे पाठ करून उकिडवी बसलेली, हात चालू.

"हाका मारून मारून घसा बसला गो," काकी म्हणाली. "वळतच न्हाय!"

"निघताना तिला सांगितलं नाय?"

"सांगितलं तर! म्हणते, अजून उतरतंय पाणी, तुम्ही जा. आता तिला पाण्याचं शिकवणार कोण?"

मी ओरडले. दोन्ही हात तोंडाशी धरून बेंबीच्या देठापासून ओरडले. आईचा डावा कान तर पारच गेलेला, आणि उजव्यात समुद्राचा आवाज. मी दगड उचलून तिच्या बाजूला फेकू लागले, निदान पाणी उडालं तर बघेल. दगड निम्म्यात पडले. लाटा कातळाच्या कडेवर चढून तिच्या टोपलीपर्यंत येत होत्या. ती टोपली उचलून थोडी मागे सरकायची आणि पुन्हा फोडायला लागायची. एवढं पाणी पायाला लागतंय आणि हिला कळत नाही!

मी घळीत उतरले. काकीनं मागून एक लांब बांबू आणला आणि ती कमरेपर्यंत पाण्यात येऊन उभी राहिली. मधोमध पाणी माझ्या छातीला लागलं. खाली शिंपल्यांच्या धारा, चपला केव्हाच वाहून गेल्या, तळवे फाटत होते पण ते नंतर कळलं. पोहता येतं मला, पण कातळावर आपटणाऱ्या पाण्यात पोहणं काय उपयोगाचं? एक लाट आली, नाकातोंडात पाणी गेलं. वाटलं, झालं, दोघी जातो आता.

कसंबसं वर चढून मी मागून तिचा दंड धरला. ती दचकून उठली आणि तिनं कोयती उगारली माझ्यावर. "कोण हाय गं तू?"

मी तिची मुलगी. सत्तेचाळीस वर्षांची. तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर उभी. आणि तिच्या डोळ्यांत मी कुणीच नव्हते. किती वेळ? दोन श्वास, तीन श्वास. त्या वेळी मला समुद्राची भीती राहिली नव्हती, या डोळ्यांची वाटत होती. मग तिची नजर हळूहळू जाग्यावर आली. "बाय? तू हिकडं काय करतेस? कामाला गेली नव्हतीस?"

"आये, पाणी चढतंय! चल!"

"येडी हायेस काय? अजून उतरतंय. आज षष्ठी."

मी तिचं तोंड धरून घळीकडे फिरवलं. जोरानं फिरवलं, खोटं कशाला बोलू. तिनं पाणी बघितलं. जन्मभर जे पाणी वाचलं ते तिनं बघितलं, आणि तिचा चेहरा असा पडला की मला तिच्यावर ओरडताच आलं नाही. टोपली तिथंच टाकली. मी पुढे, तिचा हात माझ्या खांद्यावर, काकीच्या बांबूचं टोक हाती लागेपर्यंत मी एकच म्हणत होते, सोडू नको आये, सोडू नको. सोडलं नाही तिनं.

वाळूवर आल्यावर मला रडू फुटलं. आई गपचूप बसून लुगडं पिळत होती. काकी माझ्या तळव्यांना तिच्या ओढणीचा तुकडा बांधत हळूच म्हणाली, "तुला म्हणून सांगते, आम्ही कधीपासून मोबाईलवरच बघतो. तिला विचारतो ते तिच्या समाधानाला."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. एकदा तिनं उलटंच सांगितलं, बाया जाऊन पाण्याकडे बघून परत आल्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मी आशा आहे ना गावची?"

"तूच तर तिच्या आधी बोलायचीस," काकी म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुला ठाव हाय आणि तुला झाकायचं हाय. आशाच्या घरातलं आम्ही कशाला उघडं करू?"

अख्खी आळी माझ्यासाठी मूग गिळून बसली होती. मी तिथल्या तिथे काकीला फॉर्मचं सांगितलं. तिनं गाठ तेवढी घट्ट मारली.

घरी आणून आईला गरम पाण्यानं आंघोळ घातली, भात भरवला. तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मी विचारलं, "तुला कळत होतं का आये? विसरायला होतंय ते?"

तिनं ताटात बोट फिरवलं. "तू माझ्या आधी बोलायला लागलीस ना," ती म्हणाली, "तवा कळलं."

"मग बोलली का नाय?"

"तुला लाज वाटत व्हती ना. मग मी पण गप ऱ्हायले."

मला कुणी मुस्काटात दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही अलिबागला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी बीपी मोजला, पुन्हा मोजला, आणि माझ्याकडे बघितलं. कानात बॅटरी मारून बघितली. पडल्याची खूण चाचपली. रक्त द्यायला लावलं, म्हणाल्या कधी कधी साधी कमतरता निघते आणि ती भरून निघते, ते आधी बघू. मी त्यांना सगळं सांगितलं, मशेरीचं, गोळ्यांचं, फॉर्मचंही. वाटलं होतं, माझी कानउघाडणी होईल. मी असते तर केली असती. त्या एवढंच म्हणाल्या, "जे गेलंय ते परत येईलच असं मी सांगत नाही. जे उरलंय ते सांभाळता येईल. कानाचं यंत्र, बीपी, माणसांत जाणं-येणं, सगळ्याचा उपयोग आहे. पण मला आजची खरी स्थिती कळली पाहिजे. म्हणून आता तुम्ही अजिबात बोलायचं नाही."

मी मान हलवली. माझ्यासारख्या बाईला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय असतं ते मलाच ठाऊक.

त्यांनी वार विचारला. आईनं चुकीचा सांगितला. तीन शब्द दिले, थोड्या वेळानं परत मागितले, एक आला. घाबरून तिची बोटं पदराशी चाळा करत होती. मला सारखं वाटत होतं, सांगावं या बाईला, अहो ही अशी नव्हती. शेवटी मला राहवलं नाही आणि मी म्हटलं, "तिथीवरून भरती सांगते ती, डॉक्टर. साऱ्या गावाला सांगायची." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे रागानं बघितलं. पण मग भिंतीवरचं कॅलेंडर बघून, खुर्ची पुढे ओढून आईच्या उजव्या कानाशी आल्या. आईचा चेहरा उजळला होता.

"मावशी, आज नवमी आहे. नवमीला भरती किती वाजता?"

आईनं माझ्याकडे बघितलं.

पावणेसात. माझ्या जिभेवर आलं होतं. पावणेसात, आये, अष्टमीला सहा, पुढं पाऊण तास. मी ओठ दातांखाली धरला आणि खालच्या फरशीकडे बघत राहिले.

"सांग की गो," आई म्हणाली. "तोंड शिवलंय काय तुझं?"

मी वर बघितलं नाही. तिचा अंगठा पेरांवरून चालू लागल्याचं मला डोळ्याच्या कडेनं दिसत होतं. पहिल्या पेरापासून. "चौथेला तीन," ती पुटपुटली. "पंचमीला पावणेचार. षष्ठीला…" अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा पहिल्यापासून. "चौथेला तीन. पंचमीला…" डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. मी केली नाही. तिसऱ्या खेपेला अंगठा मधल्याच पेरावर राहिला आणि तिनं मूठ मिटून मांडीवर ठेवली.

"न्हाय येत मला," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. मी त्यांना लिहू दिलं.